पिंपळाच्या पानापासून साबणदाणीपर्यंत : निसर्ग पाहून घरगुती वस्तू कशी घडवावी

हस्तकलेच्या प्रदर्शनात फेरफटका मारला की पानाच्या आकाराची तबकडी, फुलाच्या आकाराचा दिवा आणि शंखाच्या आकाराची साबणदाणी हमखास दिसते. या वस्तू दिसायला बऱ्या असतात, परंतु त्यांतील बहुतेकींनी पानाची बाह्यरेषा तेवढी घेतलेली असते. पान जे काम करते त्याच्याशी त्यांचा संबंध नसतो. हे मार्गदर्शन दुसऱ्या प्रकारच्या वस्तूंसाठी आहे. ज्यांनी आजवर एकही वस्तू स्वतः आखून घडवलेली नाही, अशा वाचकांना समोर ठेवून एकाच साध्या वस्तूचा, म्हणजे साबणदाणीचा, प्रवास येथे सुरुवातीपासून दिला आहे. ठिकाण वडोदरा धरले आहे, कारण लागणारे सर्व काही, म्हणजे झाडे, माती, कारागीर आणि यंत्रे, येथे एका रिक्षाच्या अंतरावर मिळते.

पहिली पायरी : अडचण क्रियापदात लिहा

कागदावर प्रथम वस्तूचे नाव लिहू नये, काम लिहावे. ‘मला साबणदाणी करायची आहे’ असे लिहिले की मनात दुकानातली साबणदाणीच येते आणि विचार तिथेच थांबतो. त्याऐवजी ‘साबणाखालचे पाणी लवकर निघून जावे, ते ओट्यावर न पसरता बेसिनमध्ये पडावे आणि साबणाच्या पोटाला हवा लागावी’ असे लिहिले, तर शोधायचे काय हे नेमके कळते. त्याच कागदावर मर्यादाही लिहून ठेवाव्यात : जागा किती आहे, वस्तू कोण धुणार आहे, खर्च किती परवडतो. आपल्या उदाहरणात साबणाची वडी साधारण ८० मिलिमीटर लांब आणि ५५ मिलिमीटर रुंद असून बेसिनच्या कडेला मोकळी जागा १२० मिलिमीटर आहे, असे धरू.

धुतलेल्या वाट्या निथळण्याची जाळी, कांद्या-बटाट्यांची हवेशीर टोपली, पश्चिमेच्या खिडकीतले ऊन गाळणारा पडदा, हेही पहिल्या प्रयत्नाला योग्य विषय आहेत. ज्यावर माणूस बसेल, ज्यात वीज असेल किंवा जे गॅसवर चढेल, अशी वस्तू मात्र पहिल्या खेपेला घेऊ नये. साबणदाणी फसली तर साबण विरघळतो. स्टूल फसले तर कंबर मोडते.

दुसरी पायरी : हे काम निसर्गात कोण करते ते शोधा

आता प्रश्न असा विचारायचा की पाणी झटकून टाकणे ही कोणाची रोजची गरज आहे. पावसात उभ्या असलेल्या प्रत्येक झाडाची ती गरज आहे, आणि निरनिराळ्या पानांनी तिची निरनिराळी उत्तरे काढलेली आहेत. अळूच्या आणि कमळाच्या पानावर पाण्याचे मोती होऊन घरंगळतात. पिंपळाचे पान पाण्याला लांब टोकाकडे नेऊन सोडते. बदकाच्या पिसांत तैलस्राव आणि पिसांची बारीक वीण मिळून पाणी आत शिरू देत नाहीत. वजनाला हलके पण न वाकणारे काही हवे असेल, तर केळीच्या पानाचा देठ आणि ताडाचे घड्या पडलेले पान पाहावे. पकडून ठेवणे हे काम असेल, तर कपड्यांना चिकटणारी काटेरी फळे पाहावीत. स्वित्झर्लंडचे अभियंते जॉर्ज द मेस्त्राल यांनी १९४१ साली आपल्या कुत्र्याच्या केसांत अडकलेली अशी फळे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि त्यांवरील वाकड्या आकड्यांवरून वेल्क्रोची कल्पना त्यांना सुचली. तिचे पेटंट मिळेपर्यंत १९५५ साल उजाडले. त्यांनी फळाचा आकार घेतला नाही, आकड्याने धाग्याच्या फाशात अडकण्याची युक्ती तेवढी घेतली, हे नवशिक्याने लक्षात ठेवावे.

पाहणीसाठी कामाटीबागेसारखी जागा दुसरी नाही. सयाजीराव महाराजांनी १८७९ साली उभारलेल्या या बागेत जुनी झाडे भरपूर आहेत, आणि आवारातल्याच संग्रहालयात प्राण्यांचे सांगाडे असल्यामुळे हाडांचे सांधे आणि कमानी ऊन-पावसाची चिंता न करता रेखाटता येतात. पाण्याचा विषय असेल तर पावसाळ्यात, सर येऊन गेल्यानंतरच्या पाव तासात जावे. तेव्हा कोणत्या पानावर पाणी टिकले आणि कोणते कोरडे झाले हे नुसत्या नजरेला कळते. सोबत वही, पट्टी, ड्रॉपर आणि दसपट मोठे दाखवणारे भिंग असावे. गळून पडलेलेच नमुने उचलावेत. सुगरणीचे घरटे कितीही मोहात पाडत असले तरी ते काढून आणू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ हा वन्य पक्ष्यांची अंडी आणि घरटी यांनाही संरक्षण देतो. आणि दगडगोटे किंवा शिंपले गोळा करण्यासाठी विश्वामित्रीच्या काठाला उतरू नये. शहराच्या मध्यातून वाहत असली तरी त्या नदीत मगरी आहेत, हे वडोदऱ्यात नव्याने आलेल्यांना कोणीतरी सांगावे लागते.

तिसरी पायरी : नमुना हाताळा, कापा, मोजा

सर्वाधिक वेळ येथे द्यावा. पुष्कळ जण भ्रमणध्वनीवर चार छायाचित्रे काढतात आणि घरी येऊन रेखाटायला बसतात. छायाचित्रात बाह्यरेषा येते, पाण्याची वाट येत नाही.

पिंपळाचे ताजे पान घेऊन ते झाडावर लोंबते तसे, टोक खाली ठेवून, देठाने धरावे आणि वरच्या बाजूला ड्रॉपरने पाणी सोडावे. ड्रॉपरचे वीस थेंब म्हणजे साधारण एक मिलिलिटर होतो. पाणी आधी मुख्य शिरेकडे आणि मग टोकाकडे कसे सरकते ते पाहावे. त्यानंतर कात्रीने शेपटीसारखे टोक कापून पान आडवे बोथट करावे आणि पुन्हा तेवढेच पाणी सोडावे. आता पाणी कापलेल्या कडेपाशी रेंगाळते, कडेला मोठा थेंब लोंबत राहतो आणि उशिरा सुटतो. याचे कारण पृष्ठताणात आहे : लोंबणाऱ्या थेंबाला धरून ठेवणारी कड जितकी अरुंद, तितका तो लहान असतानाच स्वतःच्या वजनाने सुटतो. पिंपळाच्या टोकाला कड जवळजवळ नसतेच, त्यामुळे तिथे थेंबाला बस्तान बसवता येत नाही.

आता तेच पान उलटसुलट करून त्यावर बोट फिरवावे. पाठीकडच्या बाजूला शिरा उठून लागतात. वरच्या बाजूला मात्र त्यांचा उंचवटा फारसा जाणवत नाही, उलट मुख्य शिरेच्या रेषेत पाते बहुधा किंचित दबलेले असते. म्हणजे पाऊस ज्या बाजूला पडतो तिकडे शिरेची जागा पन्हळीचे काम करते, बांधाचे नाही. बाजारातील पानाच्या आकाराच्या साबणदाण्यांत नेमके उलटे झालेले असते : शोभेसाठी शिरा वरच्या बाजूला उठवलेल्या असतात, त्या पाणी अडवतात, आणि प्रत्येक दोन शिरांच्या मध्ये साबणाचा बुळबुळीत चिखल साठतो.

अळूच्या पानाचा प्रयोग अळूवडी करणाऱ्या घरात वेगळा करावा लागत नाही. पाने धुताना पाणी त्यांवर ठरत नाही हे सर्वांनी पाहिलेले असते. त्याच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म उंचवटे असतात आणि त्यांवर मेणाचे त्याहून बारीक कण असतात, त्यामुळे थेंबाखाली हवा अडकते आणि थेंब टेकतो तो फार थोड्या जागी. कमळाच्या पानाच्या बाबतीत हे कार्य कसे चालते, ते जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट यांनी सविस्तर उलगडून दाखवले. ही युक्ती मोहक आहे, पण घरगुती वस्तूत ती आणण्याचा हट्ट नवशिक्याने धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते उंचवटे मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपासचे असतात, हाताने घडत नाहीत, आणि जलरोधक फवारा मारून केलेली नक्कल साबण लागताच निकामी होते, कारण पृष्ठताण कमी करणे हेच मुळी साबणाचे काम आहे. साबणदाणीसाठी अळू बाद, पिंपळ पक्का.

विषयांतर होत असले तरी केळीच्या देठाबद्दल येथेच सांगतो, कारण कापून पाहणे म्हणजे काय ते याहून चांगले कशातच कळत नाही. पंगतीसाठी आणलेल्या पानाचा जाड देठ धारदार सुरीने आडवा कापावा. आत चंद्रकोरीसारखा आकार, बाहेर घट्ट साल आणि मध्ये पातळ पडद्यांनी विभागलेल्या हवेच्या पोकळ्या दिसतात. म्हणूनच एवढे लांब पान थोडक्या सामग्रीत तोलले जाते. हाच देठ हातात धरून पिळला तर तो सहज वळतो, आणि वारा आला की पान वळून वाऱ्याला पाठ देते. भिंतीवरची फळी हलकी करायची असेल तर हा छेद उपयोगी पडेल. ज्या वस्तूला पीळ बसणार आहे तिथे तो घेऊ नये.

चौथी पायरी : पानाचे नाव न घेता तत्त्व लिहा

निरीक्षण संपल्यावर एक वाक्य असे लिहावे की ज्यात झाडाचे किंवा प्राण्याचे नाव नसेल. आपल्या बाबतीत ते असे होईल : ‘उतरत्या पृष्ठभागावरील पाणी खोलगट वाटांनी एका मुख्य वाटेत आणावे आणि ती वाट शक्य तितक्या अरुंद टोकाशी मोकळ्या हवेत संपवावी.’ हे वाक्य वाचून ज्याने पिंपळ पाहिलेलाच नाही अशा कारागिरालाही वस्तू घडवता आली पाहिजे. तसे होत नसेल तर तिसऱ्या पायरीवर परत जावे.

येथेच आकारमानाचाही विचार करावा. पान मोठे करून साबणदाणी केली की सर्व मापे मोठी होतात, पण पाण्याचा थेंब तेवढाच राहतो. पिंपळाचे टोक एक-दोन मिलिमीटर रुंद असते. साबणदाणीत तेच प्रमाणाने वाढवून १५ मिलिमीटर केले, तर ते दिसायला पिंपळाचे राहील आणि वागायला कापलेल्या पानासारखे होईल. म्हणून एकूण आकार वाढला तरी शेवटची कड ३-४ मिलिमीटरच्या पुढे जाऊ देऊ नये. दुसरे असे, की पानाला खाली काही टेकलेले नसते, साबणदाणीला असते. टोकाला आलेले पाणी सुटण्याऐवजी वळून खालच्या बाजूने मागे सरकते आणि ओटा ओला करते. छज्ज्याच्या खालच्या कडेला गवंडी पाणी तोडण्यासाठी जी खाच ठेवतो, तशीच खाच टोकाच्या पोटाला ठेवली की हा त्रास थांबतो.

पाचवी पायरी : पुष्कळ रेखाटने, मग खऱ्या मापाचे कच्चे नमुने

पहिले रेखाटन बहुधा पिंपळपानच असते. ते काढून बाजूला ठेवावे आणि त्याच तत्त्वाची आणखी दहा-बारा रूपे लहान लहान चौकटीत काढावीत : गोल, आयताकृती, कोपऱ्यात बसणारे, दोन साबणांचे. त्यांतून दोन निवडून खऱ्या मापात आखावीत. प्रत्येकाचा वरून दिसणारा आराखडा आणि मधून कापल्यास दिसणारा छेद, असे दोन्ही काढावेत. पाण्याच्या वस्तूत छेदच महत्त्वाचा. उतार ५ अंशांचा ठेवल्यास १२० मिलिमीटर लांबीत साधारण १० मिलिमीटरचा उतार मिळतो. एवढ्या उतारावर ओला साबण घसरू नये म्हणून वाटांच्या मधले वरंबे माथ्यावर सपाट आणि समपातळीत ठेवावेत : साबण आडवा बसेल आणि उतार फक्त वाटांच्या तळाला राहील. वाटा १० मिलिमीटर रुंद असाव्यात. त्याहून अरुंद वाटेत साबणाचा चिखल अडकतो आणि ती बोटाने पुसता येत नाही.

कच्चा नमुना स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या जाड पुठ्ठ्याचा आणि मुलांच्या खेळण्यातील तेलकट मातीचा करावा. पुठ्ठ्याचा उतरता तळ कापून त्यावर तेलकट मातीचे वरंबे बसवावेत आणि उघडा पुठ्ठा रुंद चिकटपट्टीने झाकून घ्यावा, म्हणजे तो पाण्यात भिजत नाही. नमुना सुबक दिसावा म्हणून तास घालवू नयेत. तो मोडण्यासाठीच असतो, आणि ज्या नमुन्यावर फार कष्ट घेतले तो मोडवत नाही.

सहावी पायरी : पाणी ओतून तपासा

स्वयंपाकघरातील एक ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा पुरे. कोरड्या नमुन्याचे वजन करावे, वर साबण ठेवून ५० मिलिलिटर पाणी ओतावे, पाच मिनिटांनी साबण उचलून नमुन्याचे पुन्हा वजन करावे. वाढलेले ग्रॅम म्हणजे अडकलेले पाणी. हीच चाचणी घरातील सध्याच्या साबणदाणीवरही करावी, नाहीतर आपली वस्तू बरी की वाईट हे कशाच्या तुलनेत ठरवणार? नंतर एका वेळी एकच गोष्ट बदलावी : आधी उतार, मग टोकाची रुंदी, मग वरंब्यांची उंची. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर सुधारणा कशामुळे झाली ते कळत नाही. आकडे बरे आले की नमुना आठवडाभर बेसिनवर ठेवून घरच्यांना वापरू द्यावा. ओल्या हाताने, न पाहता साबण ठेवणारा माणूस तुमच्या आराखड्याप्रमाणे वागत नसतो, आणि वस्तू त्याच्यासाठीच असते.

सातवी पायरी : खरी सामग्री

आकार ठरला की तो मातीत, लाकडात किंवा यंत्रावर उतरवता येतो. पहिल्या वस्तूसाठी माती उत्तम, कारण चूक भाजण्यापूर्वी पुन्हा मळता येते.

माती सुकताना आणि भाजताना आकसते, सर्वसाधारणपणे ८ ते १२ टक्के. नेमके किती ते प्रत्येक मातीचे वेगळे असते, म्हणून त्याच मातीची पट्टी करून तिच्यावर १०० मिलिमीटरची रेघ ओढावी, ती भाजून घ्यावी आणि रेघ पुन्हा मोजावी. ती ९० मिलिमीटर भरली, तर १२० मिलिमीटरची वस्तू हवी असल्यास ओली वस्तू १२० भागिले ०.९, म्हणजे सुमारे १३३ मिलिमीटरची करावी लागेल. जाडी सगळीकडे ६ ते ८ मिलिमीटरच्या दरम्यान सारखी ठेवावी. एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ असलेली वस्तू सुकताना तडकते. वरंबे वरून चिकटवण्यापेक्षा वाटा कोरून काढाव्यात. माती हाताला चिकटेनाशी झाली पण नखाने अजून ओरखडा उठतो, ही कोरण्याची योग्य वेळ. त्यानंतर वस्तू सावलीत, कापडाखाली, सावकाश सुकवावी.

भाजण्यासाठी कुंभारवाड्यात जावे. तेथील बोलणे गुजरातीत होईल, पण हातात खऱ्या मापाचा नमुना असेल तर भाषा अडत नाही. नवरात्राच्या आधीच्या महिन्यात आणि पुढे दिवाळीपर्यंत मात्र जाऊ नये. गरब्याच्या घटांचे आणि पणत्यांचे काम चालू असताना कोणीही तुमच्या साबणदाणीला भट्टीत जागा देणार नाही, आणि त्यांनी द्यावी तरी का? साधी भाजलेली माती पाणी शोषते. वडोदऱ्याच्या उन्हाळ्यात ते चालते, पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ धरते, म्हणून नेहमीच्या वापराची वस्तू झिलई, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, देऊन पुन्हा भाजून घेणे बरे. झिलई नसलेल्या वस्तूची वजनाची चाचणी घेताना ती आधी पाण्यात बुडवून, पुसून मगच तोलावी, नाहीतर मातीने प्यायलेले पाणीही अडकलेल्या पाण्यात मोजले जाते.

लाकडाची वस्तू करायची असेल तर वडोदऱ्याजवळच्या संखेड्याचे खरादी काम एकदा पाहून यावे. फिरत्या सागवानी लाकडावर लाखेचा रंग कसा चढतो ते तिथे कळते, आणि लाख ही स्वतः एका किड्याची निर्मिती आहे. खरादावर गोल वस्तूच निघतात, त्यामुळे आपल्या तत्त्वाला तिथे वेगळे रूप द्यावे लागेल. मकरपुरा औद्योगिक वसाहतीच्या परिसरात लेसरने कापून देणारे आणि यंत्रकाम करणारे कारखाने आहेत. आराखडा मिलिमीटरमध्ये आणि छेदासह नेल्यास एका नगाचे कामही कोणी ना कोणी घेतो. त्रिमितीय छपाईत पीएलए हे प्लास्टिक स्वस्त पडते, पण ते साधारण ६० अंश सेल्सियसला मऊ पडू लागते. तयार वस्तू मे महिन्यात बंद मोटारीत ठेवून विसरली तर ती वाकडी होऊन हातात येते.

विकायची असेल तर

वस्तू चांगली जमली आणि ती विकावी असे वाटले, तर प्रदर्शनात मांडण्यापूर्वी किंवा तिची छायाचित्रे सर्वत्र पाठवण्यापूर्वी नोंदणीचा विचार करावा, कारण डिझाइन अधिनियम, २००० खाली नोंदणी होण्यासाठी रचना नवी आणि आधी प्रसिद्ध न झालेली असावी लागते. नोंदणीचे संरक्षण १० वर्षांचे असते आणि ते आणखी ५ वर्षांनी वाढवता येते. मात्र ते डोळ्यांना दिसणाऱ्या रूपालाच मिळते, वस्तू कशी चालते याला मिळत नाही. तुमच्या वाटा, तुमचे वरंबे आणि त्यांचे प्रमाण यांचे दृश्य रूप तुमच्या नावावर राहील. अरुंद टोकाशी पाणी तोडण्याची युक्ती दुसरा कोणीही वेगळ्या आकारात वापरू शकेल. युक्तीसाठी पेटंट हा वेगळा मार्ग आहे. तो खर्चिक आहे, आणि त्यासाठी युक्ती नवी असल्याचे दाखवावे लागते. छज्ज्याखालची खाच पिढ्यानपिढ्या ठेवली जात असताना ते कठीणच.